१९७४ चा डेव्हिस कप : उगाच नव्हता सोडला

एकांनी लिहिलंय की १९७४ ची डेव्हिस कपची (देशादेशांच्या पुरुष टेनिस संघांची स्पर्धा) फायनल आपल्या अखिल भारतीय टेनिस संघटनेने 'उगाच' सोडून दिली. नाही पटलं. समोर दक्षिण आफ्रिका होती, वर्णभेद जोरात होता. त्यांच्याशी खेळायचं नाही ही देशाचीच भूमिका होती. हळहळ वाटते ती खेळाडूंसाठी. आधी कोलकात्यात ऑस्ट्रेलियाला ३-२ हरवलेलं, मग पुण्यात सोव्हिएत संघाला. नाशिकहून एसटीने गाठता येईल इतक्या जवळ फायनलचं दार उघडलं होतं!

संघटना १९२० ची, तेव्हा नावात 'लॉन'ही होतं. पुढच्याच वर्षी आपण डेव्हिस कपमध्ये उतरलो आणि पॅरिसात फ्रान्सला ४-१ ने लोळवलं. हे फारसं कुणी सांगत नाही.

टीकाच करायची तर २०१२ च्या ऑलिंपिक निवडीचा घोळ घ्या की. दुहेरीत लिएंडर पेससोबत जोडी नको म्हणून महेश भूपती आणि रोहन बोपण्णा अडून बसले, शेवटी संघटनेला दोन जोड्या पाठवाव्या लागल्या, आणि नंतर भूपती-बोपण्णांवर बंदी! ती कोर्टात अडकली, तो भाग वेगळा.

आणि नाशिकच्या टेनिस खेळणाऱ्या मुलांच्या पालकांना विचाराल तर त्यांची तक्रार साधी आहे: बारा वर्षांच्या पोराच्या रँकिंग पॉइंटसाठी (क्रमवारीच्या गुणांसाठी) दर वेळी बॅगा भरून परगावच्या स्पर्धांना पळायचं.