किरणोत्सारी भंगार आणि ऐच्छिक आचारसंहिता: एवढ्यावर भागते का?

मूळ मांडणी – उंबरठा

ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्समधील एका कारखान्यात लिफ्टची बटणे जुळवणाऱ्या सुमारे २० कामगारांना किरणोत्सर्गाची मात्रा मिळाल्याचे उघड झाले. बटणांच्या पोलादात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू मिसळलेला होता आणि ते पोलाद भारतातून गेले होते. टाकून दिलेला एखादा स्रोत, म्हणजे उपकरणातला किरणोत्सारी पदार्थ, भंगारात येतो, भट्टीत वितळतो आणि बोटाच्या पेराएवढी चकती होऊन परदेशातल्या इमारतीत जाऊन बसतो. लिफ्ट बोलावणाऱ्याला याची कल्पना यावी तरी कशी?

अशा स्रोतांसाठी व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची २००३ ची आचारसंहिता आहे, पण ती ऐच्छिक आहे. देश पाठिंब्याचे पत्र पाठवतात. पुढे काही केले नाही तरी कायद्याने कोणी जाब विचारू शकत नाही. माझ्या मते बंधनकारक करार हवा आणि स्रोत विकणाऱ्या देशावरही तो परत घेण्याची जबाबदारी हवी. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एकाचा जीव घेणारे गॅमा किरणांचे उपकरण मूळचे कॅनडातून आले होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

प्रतिसाद – किरणमापक

धागाकर्त्यांशी मी असहमत आहे. मायापुरीत आंतरराष्ट्रीय कायद्याची उणीव नव्हती. किरणोत्सर्ग संरक्षणाचे २००४ चे नियम भारतात लागू होते आणि ते बंधनकारकच होते. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून वापराविना पडलेले ते उपकरण लिलावात काढताना, त्याच्या पोटात काय आहे हे विचारणारा माणूस तिथे नव्हता. व्हिएन्नात झालेल्या स्वाक्षऱ्यांनी तो माणूस कसा निर्माण होणार?

मी कर्करोग रुग्णालयात किरणोत्सर्ग सुरक्षेचे काम पाहतो. आमच्या छातीवरचे मात्रामापक बिल्ले ठरावीक मुदतीने मोजणीला जातात आणि स्रोताच्या आयातीपासून विल्हेवाटीपर्यंतची नोंद नियामक मंडळाच्या संगणकीय प्रणालीत करावी लागते. ही शिस्त दंडाच्या धाकाने आलेली नाही. प्रशिक्षणातून आणि देशोदेशींच्या तज्ज्ञांनी एकमेकांची कामे तपासण्यातून ती रुजली. शिक्षेची भीती वाढली की माणसे चुका दडवतात. चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६ चा. स्वीडनमधील फोर्समार्क अणुकेंद्रातल्या कर्मचाऱ्याच्या बुटांनी किरणोत्सर्ग टिपणारे यंत्र वाजवले ते २८ तारखेला, आणि मॉस्कोने तोंड उघडले ते त्या दिवशी संध्याकाळी.

प्रतिसाद – उंबरठा

चेर्नोबिलचे उदाहरण तुमच्याविरुद्धच जाते. ती दडवादडवी झाली तेव्हा शेजाऱ्यांना कळवण्याचा करारच नव्हता. तो त्याच वर्षी सप्टेंबरात झाला, आणि तो बंधनकारक आहे.

प्रतिसाद – ओतारी

दोघांचेही म्हणणे वाचले, पण भट्टीपाशी उभे राहून पाहिले तर प्रश्न थोडा निराळा दिसतो. आमच्याकडे भंगाराच्या ट्रकभोवती एक माणूस हातात मीटर घेऊन फिरतो. स्रोत शिशाच्या जाड कवचात असेल तर काटा जेमतेम हलतो. आणि शिशाला भाव असल्यामुळे ते कवच फोडण्याचा मोह सर्वांत आधी गोदामातल्या मजुरालाच होतो, म्हणजे मीटरपर्यंत माल पोहोचण्याच्या कितीतरी आधी.

बरे, काटा हललाच तर? मालाचे पैसे दिलेले असतात, विकणारा फोन उचलत नाही, काम थांबते आणि विल्हेवाटीचा खर्च ज्याच्या दारात ट्रक उभा त्याच्या गळ्यात पडण्याची धास्ती असते. अशा वेळी प्रामाणिकपणे कळवणारा मूर्ख ठरतो.

स्पेनमध्ये १९९८ साली लोस बारिओसच्या पोलाद कारखान्यात सीझियम-१३७ चा स्रोत वितळला आणि त्याचा माग दक्षिण फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंडमधल्या मापकांनाही लागला. पुढच्याच वर्षी तिथे सरकार, पोलाद उद्योग आणि कामगार संघटना यांच्यात किरणोत्सर्ग तपासणीचा करार झाला. तो ऐच्छिक होता, तरी त्यात कोणी काय करायचे हे आधीच ठरले होते. निव्वळ ऐच्छिक म्हणून एखादी व्यवस्था मोडीत काढू नये, एवढेच माझे म्हणणे.

प्रतिसाद – उंबरठा

ओतारींचा मुद्दा मला मान्य आहे, पण स्पेनचा करार एका देशातला आहे. फ्रान्समधल्या बटणाचा खर्च कोल्हापूर किंवा खोपोलीतल्या भट्टीने द्यायचा की जिथून स्रोत मुळात विकला गेला त्या देशाने, हे कोणत्या ऐच्छिक कागदात लिहिले आहे? जपानमधील फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर स्वित्झर्लंडने अणुसुरक्षा करारात दुरुस्ती सुचवली होती. २०१५ साली तिचे बंधन नसलेल्या जाहीरनाम्यात रूपांतर झाले. किरणमापक याला सहकार्य म्हणतील. मला ती अंग काढून घेण्याची सभ्य रीत वाटते.

प्रतिसाद – किरणमापक

त्या जाहीरनाम्यातली तत्त्वे देशांच्या अहवालांत तपासली जातात, म्हणून मी त्याला सहकार्यच म्हणेन. मात्र ओतारींच्या दारातल्या ट्रकचे काय करायचे, याचे उत्तर माझ्या रुग्णालयाच्या नोंदवहीतही नाही, हे कबूल करतो.