कांदा चाळीच्या सेन्सरचा संयुक्त प्रकल्प : हक्कांचा करार कसा करावा?

सातपूरचा लघुउद्योजक :
सातपूर औद्योगिक वसाहतीत माझे इलेक्ट्रॉनिक्सचे छोटे युनिट आहे. चाळीतला उन्हाळी कांदा सडू लागला की निघणारे वायू आणि आतली आर्द्रता मोजून शेतकऱ्याला मोबाइलवर इशारा देणारे उपकरण आम्ही नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाबरोबर तयार करत आहोत. निफाड तालुक्यातील तीन शेतकऱ्यांनी चाचणीसाठी चाळी दिल्या आहेत, आणि सरकारी अनुदानासाठीही अर्ज करायचा आहे. प्राध्यापकांना निष्कर्ष शोधनिबंधातून सर्वांसाठी खुले करायचे आहेत. मला घातलेले पैसे परत मिळण्याची चिंता आहे. मागच्या एका प्रकल्पात सगळे तोंडीच ठरले होते, आणि नमुना तयार झाल्यावर मालकीच्या वादात काम दोन वर्षे पडून राहिले. या वेळी ते होऊ द्यायचे नाही.

पेटंटचे काम पाहणारा :
आधी क्रम सांभाळा. निबंध आधी छापून आला, तर शोधात नावीन्य उरले नाही या कारणाने पेटंट नाकारले जाऊ शकते. तात्पुरता अर्ज दाखल केला की पूर्ण अर्जासाठी 12 महिने मिळतात, आणि प्राध्यापकांना निबंधासाठी फार थांबावे लागत नाही; मात्र निबंधात येणारी प्रत्येक गोष्ट त्या अर्जात लिहिलेली असली पाहिजे.

पेटंट दोघांच्या नावे घेणार असाल, तर पेटंट कायदा, 1970 चे कलम 50 नीट वाचा. वेगळा करार नसेल, तर प्रत्येक सहमालक शोध स्वतःसाठी वापरू शकतो व नफ्याचा हिशेब दुसऱ्याला देण्यास बांधील नसतो, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय तिसऱ्याला परवाना देऊ शकत नाही. महाविद्यालय काही उपकरणे विकणार नाही, म्हणजे त्याच्या हाती काहीच पडत नाही. उद्या मागणी वाढून आपल्याला दुसऱ्या कारखान्याला परवाना द्यावा लागला, तर आपणही अडकता. माझ्या पाहण्यात बहुतेक भांडणे इथेच सुरू होतात. परवाना कोण देणार आणि रॉयल्टीचे वाटप कसे होणार, हे कामाला हात घालण्यापूर्वी लिहून घ्या. अनुदानाच्या मंजुरीपत्रातही हक्कांच्या अटी असू शकतात, त्यामुळे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा.

निफाडचा कांदा उत्पादक :
साहेब, करारात शेतकरी कुठे आहे? लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ विकिरण केंद्र 2002 मध्ये उभे राहिले. कांद्याला मोड येऊ नयेत हा त्याचा एक मुख्य हेतू होता, आणि 2007 मध्ये अमेरिकेला गेलेल्या आंब्यावर तिथेच प्रक्रिया झाली. आमचा बहुतांश कांदा मात्र आजही चाळीतच असतो, कारण माल तिथवर नेण्या-आणण्याचे भाडे आणि हमाली प्रत्येकाला परवडत नाही. ते गणित आम्हाला आधी विचारायला हवे होते, असे मला वाटते.

दुसरे, कोणाच्या चाळीत किती माल आहे आणि तो कधी खराब होऊ लागला, हे व्यापाऱ्याला कळले तर शेतकऱ्याची भावाची ताकद संपते. ही आकडेवारी शेतकऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय कोणालाही देऊ नये, हे करारात घाला. आणि सेन्सर कडेला लावू नका. मधल्या थरात हात घातला की ऊब लागते, वास त्यानंतर येतो.

सातपूरचा लघुउद्योजक :
दादा, आपला मुद्दा आमच्या मसुद्यात नव्हताच. तिन्ही शेतकऱ्यांना करारात पक्षकार करून घेतो, आणि निबंधात गावाचे किंवा चाळीचे नाव न देता फक्त एकत्रित सरासरी द्यावी, असे प्राध्यापकांना आजच कळवतो. सेन्सरची जागाही बदलतो.