शब्दचर्चा: पोटात गाठच नसेल तर ‘ट्यूमर’ला काय म्हणायचं?

परळवासी:
मंडळी, एका शब्दावर अडले आहे. टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेल्या कुटुंबांना कागदपत्रं समजावून द्यायला मी आठवड्यातून दोनदा दादरच्या धर्मशाळेत जाते. परवा खानदेशातल्या एका मावशींच्या फाइलवर ‘स्यूडोमिक्झोमा पेरिटोनी’ असं निदान होतं. मी शब्दाची फोड करून ‘छद्म श्लेष्मार्बुद’, म्हणजे चिकट स्रावाचा छद्म ट्यूमर, असं सांगितलं, आणि त्यांच्या मुलाचा चेहरा एकदम उजळला. “छद्म म्हणजे खोटा ना ताई? म्हणजे खरा कॅन्सर नाही!” त्याचा तो आनंद मला मोडावा लागला. असं पुन्हा व्हायला नको. याला नीट मराठी शब्द कोणता?

पोथीवाचक:
ताई, ट्यूमरसाठी ‘अर्बुद’ हा जुना शब्द आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची (मानेतल्या-काखेतल्या गाठी) आणि गलगंडाच्या शेजारीच तो येतो. अर्बुद म्हणजे दहा कोटी, आणि अबूचा पहाडही अर्बुदच. मोठा वाढलेला फुगवटा असा भाव त्यात आहे. पण धर्मशाळेत हा शब्द कोणाला कळणार? पोटातल्या गोळ्यापुरता ‘गुल्म’ आहे. गुल्म म्हणजे झुडूप, आणि सैन्यातली तुकडीसुद्धा: ९ रथ, ९ हत्ती, २७ घोडे, ४५ पायदळ. एका जागी दाटलेलं ते गुल्म. मात्र चरकाच्या पाच गुल्मांत वाताचा गोळाही येतो, म्हणून आजच्या ट्यूमरला हा शब्द लावू नये असं माझं मत आहे. सरळ ‘गाठ’ म्हणा. लग्नाची गाठ, पदराची गाठ, पाडव्याच्या साखरेच्या गाठी. घरातलाच शब्द आहे.

निवृत्त सिस्टर:
काका, गाठ शब्द मलाही प्रिय आहे, पण या आजारात तोच फसवतो. माझी उभी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. पोट उघडल्यावर बोटाला लागेल अशी गाठ यात बहुतेकदा नसतेच. सुरुवात साधारणपणे आंत्रपुच्छात, म्हणजे अपेंडिक्समध्ये होते. तिथली वाढ फुटते आणि चिकट स्राव तयार करणाऱ्या पेशी पोटाच्या पोकळीत सांडतात. मग पर्युदरावर, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तरावर, त्यांचा थर बसतो आणि पोट जेलीने भरत जातं. भिजवलेला सब्जा हातात घेऊन बघा, तसं. पेशी जिथे स्थिरावतात तिथे वाढतात: उजव्या बाजूला यकृताच्या वर, ओटीपोटात, वपेवर (आतड्यांपुढच्या चरबीच्या पडद्यावर). लहान आतडं सतत हलत असतं म्हणून बराच काळ वाचतं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला त्या आतड्याबद्दल मायाच वाटली होती.

आणि ताई, ‘छद्म’पेक्षाही वाईट शब्द ‘पोटात पाणी’. नातेवाईक जलोदर समजतात आणि “सुईने काढून टाका की” म्हणतात. हे सुईतून येतच नाही, इतकं दाट असतं. त्या एका शब्दापायी लोक गावी महिनोन्महिने पाणी काढायचा प्रयत्न करत बसलेले मी पाहिले आहेत.

परळवासी:
सिस्टर, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मग ऑपरेशनबद्दल काय सांगू? फाइलीत ‘सीआरएस–हायपेक’ लिहिलं आहे. मुलगा विचारत होता, “पोट धुणार का?”

निवृत्त सिस्टर:
धुणं नव्हे. धुतलं की झालं असं वाटतं लोकांना. पूर्वी साठलेलं काढायचं आणि पोट शिवायचं, पुन्हा भरलं की पुन्हा उघडायचं, एवढंच होतं. अमेरिकेतले सर्जन पॉल शुगरबेकर यांनी अस्तरच सोलून काढायची पद्धत रूढ केली. दिसेल तो थर काढायचा, गरज पडली तर प्लीहा, वपा, आतड्याचा तुकडाही. यात आठ-दहा तास सहज जातात. मग त्याच टेबलावर ४१ ते ४३ अंश सेल्सिअसला तापवलेलं केमोचं औषध तास-दीड तास पोटात फिरवत ठेवायचं. पहिला भाग म्हणजे सीआरएस, दुसरा हायपेक. आम्ही आपसात ‘सोलणं’ आणि ‘गरम केमो’ म्हणायचो.

नवीन सभासद:
‘सोलणं’ ऐकून पेशंट घाबरणार नाही का? आणि हे दुर्बिणीतून होत नाही का? (दुर्बीण फारसीतून आली, दूरचं बघणारी. आता ती पोटात शिरून जवळचं बघते.)

निवृत्त सिस्टर:
आजार अगदी थोडा असेल तर कधीकधी. एरवी पोट उघडावंच लागतं. ‘सोलणं’ मात्र खरंच नको. ‘अस्तर काढणं’ म्हणा, शिवणकाम करणाऱ्या बाईला लगेच कळतं.

पोथीवाचक:
नावाने किती फरक पडतो याचं उदाहरण देतो. जठर-आतड्याच्या काही गाठी पूर्वी स्नायूच्या गाठी म्हणून नोंदल्या जात. १९८३ मध्ये मझूर आणि क्लार्क या विकृतिशास्त्रज्ञांनी त्यांना वेगळं नाव सुचवलं. आज त्यांना ‘गिस्ट’ (गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर) म्हणतात. १९९८ मध्ये जपानी संशोधकांना त्यातला किट जनुकाचा बिघाड सापडला आणि मग इमॅटिनिब या कॅन्सरवरच्या औषधाची गोळी तिथे लागू पडली. या गाठींवर नेहमीची केमो जवळजवळ निरुपयोगी होती.

आणखी एक. फाइलीत ‘दुर्मीळ’ लिहिलं असेल तर बदला. दुर्मीळ नाणं, दुर्मीळ ग्रंथ; मिळवावंसं वाटतं ते दुर्मीळ. आजाराला ‘क्वचित होणारा’ म्हणा.

परळवासी:
पटलं. मी असं लिहिते: “हा क्वचित होणारा, पण खरा आजार आहे. अपेंडिक्समधून सुटलेल्या पेशी पोटाच्या अस्तरावर पसरून दाट, चिकट जेली तयार करतात. ती सुईने निघत नाही. मोठ्या ऑपरेशनमध्ये आजारी अस्तर काढतात आणि त्याच वेळी पोटात गरम औषध फिरवतात.” कॅन्सर शब्द कुठे घालू?

निवृत्त सिस्टर:
दुसऱ्या वाक्यात, ‘पेशी’च्या आधी. ‘कॅन्सरच्या पेशी’ लिहा. पण वाचून दाखवण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. काहींमध्ये तो फार सावकाश वाढतो, आणि तेही त्या मुलाला त्याच दिवशी कळायला हवं.