वनपट्ट्यावरचे घर तारण ठेवता यावे का?

रानवाट:
गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात माझ्या मावसभावाचे घर तीन वर्षांपासून अर्धवट उभे आहे. कमरेपर्यंत विटांची भिंत, त्यावर कुडाचा आडोसा आणि वर जुनेच कवेलू. नवरा-बायको दोघांच्या नावाचा वनपट्टा, म्हणजे वनजमिनीवरच्या हक्काचा कागद, प्लास्टिकच्या पिशवीत जपून तो बँकेत गेला, तेव्हा साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला आणि ‘यावर बोजा चढत नाही’ एवढे सांगून परत केला. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला हक्क वारसांकडे जातो, परंतु तो विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. मग बँक कशाच्या भरवशावर कर्ज देणार? शेताला हात न लावता, निदान घराखालच्या जागेपुरते तारण कायद्याने मान्य करावे, असे माझे ठाम मत आहे.

मोहफूल:
अडचण खरी आहे, उपाय मात्र मला मान्य नाही. तारण आले की लिलाव आलाच. १९५७ ते १९७४ या काळात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत मिळवून देण्यासाठी महाराष्ट्राला वेगळा कायदा करावा लागला, हे विसरून कसे चालेल? त्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे २०१३ साली ग्रामदानाचा निर्णय घेऊन खासगी शेतीची मालकीही ग्रामसभेकडे सोपवली. कसण्याचा हक्क मात्र त्या त्या कुटुंबाकडेच ठेवला. बांबूच्या उत्पन्नातून ग्रामसभेनेच घरासाठी कर्ज द्यावे.

रानवाट:
मेंढ्याचा मला अभिमान आहे, पण प्रत्येक गावाकडे तेवढा बांबू नाही, आणि आयुष्यभराची कमाई ज्या भिंतींत घातली त्या भिंतींचे मोल कागदावर शून्य ठरावे, हे मला अन्यायाचे वाटते. जमीन सामूहिक राहू द्या. तारण फक्त बांधकामाचे ठेवा आणि कर्ज थकल्यास ते घर त्याच ग्रामसभेतल्या दुसऱ्या कुटुंबालाच घेता येईल, अशी अट घाला.

मोहफूल:
ही मांडणी पहिलीपेक्षा खूपच बरी आहे, आणि बाहेरच्या माणसाची भीती तिने जाते, हे मी मान्य करते. पण शंभर उंबऱ्यांच्या गावात, ज्याच्या चुलीपुढे बसून आपण आंबील प्यालो, त्याच्या घरावर बोली लावायला कोण उठेल? आणि कोणीच उठणार नसेल, तर बँक तरी पैसे का देईल?