शब्दचर्चा: ‘स्थानिक भूल’ की ‘बधिर करणे’?

प्रश्न: औषधी वनस्पतींवरच्या लेखात लवंग, अक्कलकारा, कोका यांना ‘स्थानिक भूल देणाऱ्या वनस्पती’ म्हणावं का? कोशात ‘संवेदनाहारी’ आहे, पण तो वाचूनच भूल चढते.

– ‘भूल’ नको. भूल चढते ती माणसाला. दाढ काढताना पेशंट टक्क जागा असतो, बधिर असते ती हिरडी. ‘स्थानिक भूल’ दवाखान्यात रुळलाय, तो इंजेक्शनपुरता राहू द्या. अक्कलकाऱ्याचं मूळ चावून बघा: आधी चुणचुण, मग तोंडाला सुटलेलं पाणी, मग जीभ जड. या तिन्ही पायऱ्यांना आपल्याकडे शब्द आहेत, ते वापरा.

– ‘बधिर’ म्हणजे बहिरा ना?

– संस्कृतात तोच अर्थ, ‘बहिरा’ त्याच्यातूनच आला. पण ‘मूकबधिर’ सोडला तर मराठीत कानाचं काम ‘बहिरा’ सांभाळतो आणि ‘बधिर’ अंगाकडे मोकळा झालाय. घोटाळा होत नाही.

– शिवाय या सगळ्या शोधांचा उगम जिभेतच आहे. १८६० मध्ये आल्बर्ट नीमान यांनी कोकाच्या पानांतून कोकेन वेगळं केलं, तेव्हा जीभ बधिर होते ही नोंद केली होती. तरी डोळ्याच्या शस्त्रक्रियेत ते वापरायला १८८४ साल उजाडलं. ते काम कार्ल कोलर यांचं. व्यसनाचा धोका कळल्यावर पर्याय शोधणं आलंच. पुढे जवातल्या ग्रामीन या द्रव्यावर काम करताना स्वीडनच्या रसायनज्ञांनी त्याचं एक भावंड बनवलं, चाखलं, तर पुन्हा तेच! त्या वाटेनं १९४३ मध्ये निल्स लॉफग्रेन यांनी लिडोकेन हे बधिर करणारं औषध तयार केलं. प्रोकेन, बेंझोकेन, लिडोकेन यांच्या नावातलं ‘केन’ मात्र कोकेनचंच शेपूट.

– मग पुदिना, मिरची, तिरफळ हेही ‘बधिर करणारे’च?

– सरसकट नाही. लिडोकेन मज्जातंतूत सोडियम शिरण्याच्या वाटा अडवतं, त्यामुळे निरोपच पुढे जात नाही. लवंगेतलं युजेनॉलही त्या वाटा काही प्रमाणात अडवतं. पुदिन्यातलं मेंथॉल मुख्यतः थंडीची जाणीव चेतवतं. मिरचीतलं कॅप्सेसिन आधी आग लावतं, आणि वारंवार चोळल्यावर वेदना सांगणारी टोकं मंदावतात. तिथे ‘वेदनाशामक’ लिहा. तिरफळाच्या भाऊबंदांपैकी सिचुआन मिरी ओठांवर सेकंदाला सुमारे ५० कंपनं झाल्याचा भास निर्माण करते. याला ‘झिणझिण्या’ सोडून दुसरा शब्द शोधणं म्हणजे करंटेपणा.

– लेखात ‘लवंगेचं तेल लावा’ एवढंच नको. निव्वळ तेलानं हिरडी पोळते.

– अक्कलकाऱ्याचा अकलेशीही संबंध जोडू नका. नाव अरबी ‘आकिरकर्हा’वरून आलंय.

– मग ‘जागा बधिर करणाऱ्या वनस्पती’ असं लिहितो. पण ‘बधिर’मधला धी दीर्घ ना?

– ऱ्हस्व. शब्द तत्सम आहे.