इटालियनमधलं 'दा' म्हणजे पासून की कडे?

मिलानला येऊन सहा महिने झाले, इटालियनचा क्लास इंग्रजीतून आहे, बाकी बरंच जमतंय पण दि, आ, दा, इन, सु, पेर, त्रा या चिमुकल्या शब्दांनी वात आणलाय. पुस्तकात 'दा' म्हणजे 'फ्रॉम' असं दिलंय. मग 'वादो दाल दोत्तोरे' म्हणजे डॉक्टरपासून जातो का? तर नाही, डॉक्टरकडे जातो! क्लासमधले इंग्लंडचे दोघंही इथेच अडकलेत. कोणी नीट सांगेल का?

—

इंग्रजीतून जाऊच नका, मराठीतून बघा. 'वादो' म्हणजे जातो, 'वेंगो' म्हणजे येतो. वादो दाल दोत्तोरे, डॉक्टरकडे जातो. वेंगो दाल दोत्तोरे, डॉक्टरकडून येतोय. आपण 'कडे'चं 'कडून' करतो, ते लोक तोच 'दा' ठेवतात आणि दिशा क्रियापद सांगतं, एवढाच फरक. आणि हे 'कडे' माणसासाठी, जागेसाठी नाही. 'वादो इन फार्माचिया' पण 'वादो दाल फार्माचिस्ता'. आपणही मेडिकलमध्ये जातो नि केमिस्टकडे जातो, बरोबर ना? ('दाल' म्हणजे दा अधिक इल, इल हे इंग्रजी 'द'सारखं आर्टिकल. आपले प्रत्यय जसे शब्दाला चिकटतात तसं हे आर्टिकलला चिकटतं.)

काळाचं तर अजून सोपं. 'आबितो क्वी दा सेइ मेसी', सहा महिन्यांपासून इथे राहतोय. वर्तमानकाळ, अगदी आपल्यासारखा. इंग्रजीवाले 'हॅव लिव्ह्ड' डोक्यात ठेवून 'ओ आबितातो क्वी पेर सेइ मेसी' म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हा राहून गेला, आता इथे नाही.

—

वरच्या उत्तराला जोडून. 'तात्सा दा ते' म्हणजे चहाचा कप, रिकामा असला तरी. 'तात्सा दि ते' म्हणजे कपभर चहा. 'दा' वस्तू कशासाठी आहे ते सांगतो, म्हणून गॉगलला 'ओक्क्याली दा सोले'. लेओनार्दो दा विंचीमधला 'दा' मात्र साधा 'चा' किंवा 'हून', विंची हे तोस्कानातलं गाव.

पण मराठीवर डोळे मिटून विसंबू नका हं. आपण 'तुझ्यावर अवलंबून' म्हणतो, इंग्रजीतही 'ऑन', त्यामुळे 'सु' घालावंसं वाटतं, ते चूक. 'दिपेन्दे दा ते' म्हणायचं. आणि आपला एकच 'ला' तिथे फुटतो: रोमला 'आ रोमा', इटलीला 'इन इतालिया', सिसिलीला 'इन सिचिलिया' आणि काप्री बेटाला 'आ काप्री'. शहराला आ, देशाला नि प्रदेशाला इन, मोठ्या बेटांना बहुतेकदा इन, छोट्यांना आ, पण पाठ करण्याला पर्याय नाही.

'त्रा' मात्र मला फार आवडतो. 'त्रा दुए सेत्तिमाने' म्हणजे दोन आठवड्यांनी, 'इन दुए सेत्तिमाने' म्हणजे दोन आठवड्यांत. इंग्रजी 'इन टू वीक्स'मध्ये दोन्ही अर्थ कोंबलेत म्हणून ते लोक गोंधळतात, आपल्याकडे 'नी' आणि 'त' आधीच वेगळे आहेत.

—

अरे वा, हे डोक्यात बसलं! मग आईकडे जातो म्हणजे 'वादो दाल्ला मिया माद्रे' ना?

—

जवळजवळ. 'वादो दा मिया माद्रे'. माझी आई, माझा भाऊ असं एकवचनी नातं असलं की आर्टिकल गळतं, मग 'दा'ला चिकटायला काही उरत नाही. भाऊ अनेक असतील तर परत येतं, 'दाई मिएई फ्रातेल्ली'.