प्रति: अल्सर तांबड्या रश्श्यामुळं होतो का?
वर कुणीतरी लिहिलंय की कोल्हापुरात अल्सर होतो तो तांबड्या रश्श्यामुळं. तिखटानं जळजळ वाढते हे खरं, पण बहुतेक अल्सरच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू नाहीतर पेनकिलरच्या गोळ्या असतात. आता पोटातल्या अ‍ॅसिडमध्ये हा जंतू मरत कसा नाही, तर तो युरिएज नावाचं एन्झाइम बनवतो, त्यातनं अमोनिया तयार होतो आणि त्याच्या भोवतीच्या अ‍ॅसिडचा जोर कमी होतो, मग शेपट्या फिरवत तो आतल्या चिकट थरात घुसतो आणि तिथंच ठाण मांडतो. खरा घात पुढंच आहे. सगळे पायलोरी सारखे नसतात, काहींकडं कॅगए नावाचं प्रोटीन असतं, ते सुई टोचल्यासारखं थेट आपल्या पेशीत सोडतात, पेशीचे आतले सिग्नलच बिघडतात, त्यामुळं असल्या जंतूंनी अल्सर आणि जठराच्या कॅन्सरचा धोका जास्त. दुसरं वॅकए, ते पेशीत पोकळ्या पाडतं. १९९४ सालीच डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेनं या जंतूला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेल्या गोष्टींच्या यादीत, टाकलंय. अर्थात जंतू असलेल्या बहुतेकांना काही त्रास होत नाही.

आमच्या मामांनी कैक वर्षं नुसत्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या, शेवटी दुर्बिणीनं तपासून जठराच्या आतला बारीक तुकडा तपासणीला काढला तेव्हा हा जंतू सापडला. १४ दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स डॉक्टरांनी दिला, तो मधेच सोडू नका एवढं मात्र हात जोडून सांगतो, अर्धवट सोडला की जंतू औषधाला दाद देईनासा होतो.